प्रिटोरियाचा दहा मिलिमीटरचा नियम

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स या सरकारी शाळेत २०१६ च्या ऑगस्टअखेर जे घडलं, ते जगाने वंशभेदाची बातमी म्हणून वाचलं. ती तशी होतीच. पण त्या बातमीच्या पोटात केसांच्या निगेचा एक साधा प्रश्न होता, आणि तो मागे पडला. शाळेच्या आचारसंहितेतलं केसांचं कलम एखाद्या तेरा वर्षांच्या काळ्या मुलीने अगदी मनापासून, तंतोतंत पाळलं असतं, तर पाच वर्षांनी तिच्या डोक्यावर काय उरलं असतं? या प्रकरणाकडे मी त्या बाजूने पाहणार आहे.

माझं मत आधीच सांगते. ते कलम दिसण्याबद्दल बोलत होतं, पण प्रत्यक्षात तो केसांच्या निगेचाच सल्ला होता, आणि चुकीचा सल्ला होता.

प्रसंग

शाळा १९०२ ची. वर्णद्वेषी राजवटीत ती फक्त गोऱ्या मुलींची होती, १९९० च्या दशकात दारं सगळ्यांसाठी उघडली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या शाळा कायद्याने आचारसंहिता ठरवण्याचा अधिकार प्रत्येक शाळेच्या नियामक मंडळाला दिला आहे. इथल्या संहितेत केसांवर बराच मजकूर होता. केस साधे, नीटनेटके, गणवेशाला शोभतील असे हवेत. बारीक सुट्या वेण्या, डोक्याला चिकटून घातलेल्या कॉर्नरो आणि नैसर्गिक ड्रेडलॉक्स, म्हणजे केस एकत्र गुंतून झालेल्या जटा, चालतील, पण त्यांची जाडी जास्तीत जास्त दहा मिलिमीटर. कॉर्नरो कपाळापासून मागे एकमेकींना समांतर जायला हव्यात, नक्षी नको. केस बांधण्याइतके लांब असतील तर मागे बांधलेच पाहिजेत.

वरवर पाहता हे उदार वाटतं. वेण्या चालतात, ड्रेडलॉक्ससुद्धा चालतात, मग तक्रार कसली? तक्रार होती ती न ओढता, न बांधता स्वतःच्या आकारात उभ्या राहणाऱ्या केसांची, म्हणजे अफ्रोची. मुलींचं म्हणणं असं, की अफ्रो दिसला की आम्हाला हटकतात, ‘केस नीट करून ये’ म्हणून सुनावतात. आपापसात आफ्रिकी भाषेत बोललं तरी बोलणी बसतात, हीसुद्धा तक्रार होती. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मुली काळे कपडे घालून, केस मोकळे ठेवून जमल्या. त्यांच्यातली झुलैखा पटेल तेव्हा तेरा वर्षांची होती. सुरक्षारक्षकांसमोर डोक्यावर मुठी धरून उभ्या असलेल्या तिचा फोटो जगभर गेला. सोमवारी, २९ ऑगस्टला, गाउटेंग प्रांताचे शिक्षणमंत्री पान्याझा लेसुफी शाळेत आले, मुलींचं ऐकून घेतलं. केसांचं कलम स्थगित झालं आणि चौकशी लागली.

याच्या मागे मोठा इतिहास आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली माणसांचं वर्गीकरण करताना केसांत पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल खाली पडली तर एक वर्ण, अडकून राहिली तर दुसरा. त्या देशात केसांवर नियम करताना कुणीही अजाणतेपणाचा आव आणू शकत नाही. शिवाय कायद्याची वाट तोवर मोकळी झालेली होती, आणि ती एका भारतीय वंशाच्या मुलीमुळे. डर्बन गर्ल्स हायस्कूलने एका तमिळ हिंदू विद्यार्थिनीला नाकातली चमकी काढायला सांगितलं होतं. ते प्रकरण देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००७ साली निकाल लागला की तिला सूट नाकारणं हा अन्याय्य भेदभाव आहे. गणवेशाच्या नावाखाली एखादीची संस्कृती पुसता येत नाही, हे या निकालाने स्पष्ट केलं होतं. तरीही त्यानंतर नऊ वर्षं दहा मिलिमीटर टिकून राहिले.

आणखी एक योगायोग सांगायलाच हवा. आंदोलनाच्या जेमतेम आठवडाभर आधी, २२ ऑगस्टला, जोहान्सबर्गच्या महापौरपदी हरमन मशाबा निवडून आले. त्यांची संपत्ती आली कुठून? १९८५ साली त्यांनी ‘ब्लॅक लाइक मी’ ही केसांच्या उत्पादनांची कंपनी काढली, तीही प्रिटोरियाजवळच्या गा-रांकुवात. काळ्या बायकांच्या केसांवर केवढा पैसा फिरतो, याचा अंदाज यावरून यावा.

हे केस वागतात कसे

नियमाकडे जाण्याआधी केसाकडे बघू. आफ्रिकी केस ज्या कूपातून उगवतो तो कूप त्वचेखाली वळलेला असतो. केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा लंबवर्तुळ असतो, आणि केस वाढताना जागोजाग पीळ घेतो. केसाचं प्रथिन, केराटिन, तेच, जे तुमच्याआमच्या केसांत आहे. फरक आकाराचा. पण आकारामुळे तीन गोष्टी होतात आणि निगेचं सगळं शास्त्र त्या तिघींभोवती फिरतं.

पहिली, टाळूतून सुटणारं तेल टोकापर्यंत पोचत नाही. सरळ केसावरून ते आपोआप घरंगळत खाली येतं. इथे प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे, अशी स्थिती सहज होते. दुसरी, प्रत्येक पीळ ही कमकुवत जागा असते. कंगवा तिथेच अडकतो आणि केस तिथेच तुटतो. तिसरी, केस एकमेकांत आणि स्वतःतच गाठी मारतात. नॉनहलानहला खुमालो या केप टाउनच्या त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासात आफ्रिकी केसांच्या नमुन्यांत १० ते १६ टक्के केसांना गाठी आढळल्या. तुलनेच्या इतर केसांत हे प्रमाण ०.१५ टक्का होतं.

आता वाढीचं. ‘आमचे केस वाढतच नाहीत’ हे वाक्य लागोस, नैरोबी, लंडन, कुठेही ऐकू येतं. केस वाढतात. २००१ साली ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात आलेल्या मोजमापात आफ्रिकी केस दिवसाला सरासरी २५६ मायक्रोमीटर वाढताना दिसले, युरोपीय वंशाचे ३९६. म्हणजे वर्षाला नऊ सेंटिमीटरच्या थोडं वर, विरुद्ध साडेचौदा. फरक आहे, पण नऊ सेंटिमीटर म्हणजे शून्य नव्हे. पाच वर्षांत शेहेचाळीस सेंटिमीटर होतात. ते दिसत का नाहीत? एक तर ओले झाले की केस आक्रसतात आणि ताणलेल्या लांबीच्या निम्म्याहून आखूड दिसतात. आणि दुसरं, खरं कारण: मुळाशी जितकं वाढतं तितकंच टोकाशी तुटतं. जमाखर्च बरोबरीत. त्यामुळे ‘केस वाढवणे’ म्हणजे मुळाला काही चोपडून वेग वाढवणे नव्हे. जे वाढलंय ते तुटू न देणे, एवढंच आपल्या हातात असतं. बाजारातली निम्मी तेलं या एका वाक्यापुढे टिकत नाहीत.

नियम पाळायचा तर

आता त्या मुलीसमोर कोणते मार्ग होते ते बघू.

केस अगदी बारीक कापून टाकणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. आफ्रिकेत अनेक ठिकाणी शाळकरी मुली असंच डोकं ठेवतात. टाळूला काही अपाय नाही. पण केस राखायची इच्छा असलेल्या मुलीला हे उत्तर देणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं.

दुसरा मार्ग रिलॅक्सरचा, म्हणजे रसायनाने केस कायमचे सरळ करणं. नियमाने हे सांगितलेलं नव्हतं, पण ‘नीटनेटके’ आणि ‘मागे बांधा’ या दोन शब्दांनी वाट तिकडेच वळते. रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड (इंग्रजीत ‘लाय’) असतं किंवा ‘नो-लाय’, म्हणजे ते नसलेल्या, प्रकारात ग्वानिडिन. दोन्ही केसातले गंधकाचे बंध तोडतात. नो-लाय म्हणजे सौम्य, हा समज आहे. खुमालो यांच्याच गटाने २०१९ मध्ये बाजारातल्या रिलॅक्सरांचा सामू (पीएच) मोजला, तेव्हा मुलांसाठी म्हणून विकले जाणारेसुद्धा त्वचा जाळण्याइतके अल्कधर्मी निघाले. सामू साधारण १२ च्या घरात. शिवाय दर दीड-दोन महिन्यांनी नव्या वाढीला पुन्हा लावायचं, तेव्हा जुन्या, आधीच कमजोर झालेल्या केसावर तो थोडा ना थोडा लागतोच.

तिसरा मार्ग दहा मिलिमीटरच्या वेण्यांचा. बहुसंख्य मुली हाच घेणार, कारण तो परवानगीच्या यादीत आहे आणि वेण्यांना ‘संरक्षक केशरचना’ म्हणूनच ओळखतात. इथे थोडं थांबावं लागेल. वेणी संरक्षण करते हे खरं, कारण केस रोज विंचरले जात नाहीत, टोकं आत झाकली जातात. पण हे संरक्षण वेणीच्या जाडीवर, वजनावर आणि ताणावर ठरतं. वेणी जितकी बारीक तितके तिच्या मुळाशी केस कमी. तिला कृत्रिम केसांची जोड लावली की तेवढ्याशा केसांवर सगळं वजन येतं. बारीक म्हणून संख्येने जास्त, म्हणून बसायचे तास जास्त, भांग जास्त, आणि उकलतानाचं तुटणंही जास्त. आणि मग त्या सगळ्या वेण्या एकत्र करून मागे बांधायच्या! ताण जातो कुठे? कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर. समांतर, सरळ मागे जाणाऱ्या कॉर्नरोंचाही भार त्याच रेषेवर पडतो.

कडेच्या या गळतीला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, ताणामुळे पडणारं टक्कल. आफ्रिकी वंशाशी त्याचा जन्मजात संबंध नाही. त्याची पहिली नोंद १९०७ साली ग्रीनलंडमधल्या बायकामुलींची झाली, केस घट्ट वर बांधण्याच्या सवयीतून. केसांना गाठ मारून बांधणाऱ्या शीख मुलांतही ते दिसतं. आपल्याकडेही ज्या शाळांत चापूनचोपून दोन वेण्या, घडी घालून, रिबिनीसकट, हाच पोशाख होता तिथल्या कित्येक बायकांची कानशिलं बघा. पण केसाची ताकद मुळातच कमी असेल आणि ताण वर्षानुवर्षं असेल तर नुकसान फार लवकर होतं.

खुमालो आणि सहकाऱ्यांनी केप टाउनमध्ये शाळकरी मुलामुलींची डोकी तपासली. २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: मुलींमध्ये १७.१ टक्के, मुलग्यांमध्ये एकही नाही. शाळेच्या पहिल्या वर्षातच ८.६ टक्के मुलींना ही गळती होती आणि शेवटच्या वर्षापर्यंत ते प्रमाण २१.७ टक्क्यांवर गेलं होतं. प्रौढ बायकांच्या वेगळ्या पाहणीत जवळजवळ एकतृतीयांश. मुलगे आणि मुली एकाच वंशाचे, एकाच वस्तीतले. फरक फक्त डोक्याला काय केलं जातं याचा. त्याच गटाने पुढे दाखवलं की सर्वांत जास्त धोका रिलॅक्सर केलेल्या केसांवर ताण दिला की असतो. म्हणजे दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र केले की.

दुखणं हीच पहिली खूण. वेण्या घातल्यावर रात्री उशीवर डोकं टेकवत नाही, कडेला बारीक पुटकुळ्या येतात, केसाच्या बुंध्याशी कातडी तंबूसारखी उचललेली दिसते. नंतर कपाळाच्या रेषेवर विरळ पट्टा पडतो, पण अगदी कडेला बारीक लव शिल्लक राहते, कारण ती वेणीत सापडतच नाही. डॉक्टर निदान करताना ती लव शोधतात. या टप्प्यावर ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षं लोटली की कूपाच्या जागी व्रणाची ऊती येते, मग येत नाहीत. आणि ‘सौंदर्य म्हटलं की थोडं दुखायचंच’ असं मुलीला सांगणारी बहुतेक वेळा तिची स्वतःची आई किंवा मावशी असते. हा दोष केवळ शाळेच्या माथी मारता येणार नाही.

चौथा मार्ग, अफ्रो पाण्याने, जेलने चोपून, रबरबँडने मागे आवळायचा. याबद्दल वेगळं सांगायला नको.

मग मोकळा अफ्रो निर्दोष का?

नाही. आंदोलनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे फारसं लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते. रोज मोकळा ठेवलेला अफ्रो गुंततो. शर्टाच्या कॉलरला, लोकरी स्वेटरला घासतो, कोरडा पडतो. रोज सकाळी तो फुलवायला अफ्रो कंगवा घालायचा म्हणजे रोज काही केस तुटायचेच. लांबी राखायची असेल तर कुठलीही अनुभवी केशकर्ती सांगेल की महिन्याचे तीसही दिवस अफ्रो ठेवू नकोस. अफ्रोने कानशिलं मात्र शाबूत राहतात.

म्हणून माझ्या मते या प्रकरणातला खरा मुद्दा अफ्रो विरुद्ध वेणी हा नव्हे. या केसांना आलटूनपालटून वागवावं लागतं. काही आठवडे वेण्या, मग विश्रांती, मग सैल पीळ, मध्येच मोकळे. कडेवरचा ताण एकाच जागी सतत राहू नये, यासाठी ही अदलाबदल. नियमाने तीच बंद केली होती. विश्रांतीचा आठवडा हा त्या पुस्तिकेत ‘अव्यवस्थित’ ठरत होता.

आणखी एक गंमत. घरच्या घरी, पैसे न खर्चता, कुणाची मदत न घेता शाळकरी मुलीला जमेल अशी सर्वांत सुरक्षित रचना म्हणजे आठ-दहा जाडसर, सैल दोन-पदरी पीळ. दाट केसांत असे पीळ दहा मिलिमीटरपेक्षा सहज जाड होतात. म्हणजे पट्टी लावून मोजलं तर नेमकी तीच रचना बाद.

कलम नसतं तर आठवडा कसा असता

रविवारी धुणं. केसांचे सहा-आठ भाग करून प्रत्येक भाग सैल पिळून ठेवायचा, म्हणजे एका वेळी एकच भाग हाताळायचा. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. नखं नकोत, आणि सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळणं तर मुळीच नको, गाठींचा उगम तिथेच असतो. मग भरपूर कंडिशनर लावून ओल्यातच गुंता सोडवायचा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरू करून मुळाकडे. आपण कोरडे केस विंचरतो; इथे कोरड्यात कंगवा घालणं हे नुकसानाचं पहिलं कारण. आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुणं पुरतं. रोज धुतले तर आहे ते तेलही जातं.

त्यानंतर ओलावा आत कोंडायचा. पाणी किंवा पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं क्रीम आधी, तेल किंवा शिया बटर नंतर. हा क्रम उलटा करतात आणि मग ‘तेल लावूनही कोरडेच’ म्हणतात. तेलाने केस ओला होत नाही, ओलावा उडून जाणं मंदावतं. इथे आपल्याशी जुळणारा एक धागा आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे दाखवणारा जो अभ्यास या विषयावर बोलणारे वारंवार पुढे करतात तो मुंबईचा आहे. मॅरिकोच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवून वाचावा. पण सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी केलेली तुलना नेटकी आहे. त्यातून निघणारी शिफारस धुण्याआधी आणि धुतल्यानंतरही लावण्याची आहे, आणि न्हाण्याआधी तेल लावणं तर आपल्या आज्या करतच.

रात्री साटीनची टोपी किंवा रेशमी रुमाल. दक्षिण आफ्रिकेत डोक्याला बांधायच्या रुमालाला डूक म्हणतात, तो सुती असेल तर आतून साटीन लावून घ्यावा. सुती उशी ओलावा शोषते आणि घासते. ही फारच स्वस्त गोष्ट आहे आणि फारच कमी जणी करतात.

वेण्या घालायच्याच तर कडेची बारीक लव बाहेर सोडायची, वेणी घालणारीला ‘दुखतंय’ म्हणून तिथल्या तिथे थांबवायचं, जोड हलकी, आणि सहा ते आठ आठवड्यांत उकलायच्या. नव्या घालण्याआधी निदान एक-दोन आठवडे डोकं मोकळं.

पुढे काय झालं, आणि काय राहिलं

झुलैखा पटेलचं नाव त्याच वर्षी बीबीसीच्या शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत आलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा केला आणि नैसर्गिक केसांवरून शाळेत व नोकरीत होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. ब्रिटनच्या समानता आयोगाने २०२२ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शन काढलं. हे सगळं ‘काय दिसावं’ या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि चांगलं उत्तर आहे.

निगेच्या बाजूने मात्र कलम काढून टाकलं की काम संपत नाही. नियम गेला तरी घट्ट वेणीची सवय घराघरात आहे, रस्त्याकडेच्या वेण्या घालणाऱ्या बाईच्या हातात आहे, मुलीच्या मनात आहे. इतरांना फळा दिसावा म्हणून शाळेने मोठ्या अफ्रोच्या मुलीला मागे बसवणं, प्रयोगशाळेत बर्नरजवळ केस बांधायला लावणं, पोहताना टोपी घालायला लावणं, एवढं रास्तच आहे. त्यापलीकडे मिलिमीटर मोजायची पट्टी कपाटात ठेवून एक उपयोगी गोष्ट करता येईल. शाळेतल्या आरोग्य तपासणीत दात आणि डोळे बघतात तसंच मुलींच्या कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेवर एक नजर टाकायची, आणि पातळ पट्टा दिसला की घरी चिठ्ठी पाठवायची: वेण्या सैल करा, दोन महिने मागे बांधू नका. केप टाउनचे आकडे पाहता ही तपासणी पहिलीतच सुरू करावी लागेल.